निलंबूरचा साग

कोळिकोडहून निलंबूरला जाऊन चालियार नदी ओलांडली, की मान आपोआप वर होते. समोर कनोलीसाहेबाचा साग उभा असतो! हा साहेब मलबारचा कलेक्टर. जहाजांना साग पुरेना आणि रानेही उजाड होऊ लागलेली. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले १८१७ सालचे 'त्रिंकोमाली' जहाजही मलबारी सागाचेच. तेव्हा १८४० नंतर कनोलीने चातू मेनन यांच्या मदतीने येथे लागवड सुरू केली.

ती झाडे पाहताना मला कुतूहल वाटले, की कोणत्या जमिनीत किती लाकूड होईल हे आधी कसे ओळखावे? वनखात्याची युक्ती साधी आहे. घेरापेक्षा उंची पाहायची. झाडे दाट की विरळ, यावर घेर बदलतो. थोराड झाडांची उंची मात्र बहुतांशी जमीन आणि हवामानच ठरवतात. म्हणून पन्नासाव्या वर्षीच्या उंचीवरून जमिनीची प्रत लावतात. नदीकाठच्या गाळात साग आभाळाला भिडतो, तर जांभ्यावर तोच खुरटतो.

१९९०च्या दशकात सागाच्या जाहिरातींना भुलून कितीकांनी पैसे गमावले! पोरवयातला साग झपाझप वाढतो, पुढे मंदावतो. त्या पहिल्या वाढीचा नुसता गुणाकार करणारा फसणारच. तेव्हा वाचकहो, बांधावर साग लावायचा असेल, तर आधी कमरेइतका खड्डा खणा आणि खाली माती लागते की जांभा, ते पाहा.