चहाला पाठवलेला मुलगा

कारकुनाच्या हातात पेन शोभते, पाना शोभत नाही, असे आमच्या घरी गमतीने म्हणतात. पण २०२३ सालच्या मे महिन्यातला एक अख्खा रविवार आम्ही एका जुन्या मोटारीच्या मागच्या सीटजवळ उकिडवे बसून काढला. त्या दिवशी जे पाहिले ते आपल्या घराघरातल्या कामाला लागलेल्या मुलांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आयटीआय पास. भायखळ्याच्या बाजूला जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमध्ये तो तीन वर्षे कामाला होता. तिथे एका वृद्ध गृहस्थांची १९६२ सालची शेवरोले इम्पाला येत असे. अमेरिकन गाडी, लांबलचक, आणि वर पत्र्याऐवजी जाड कापडाचा टप. बटण दाबले की टप आपोआप उठायचा आणि बटण दाबले की घडी होऊन मागे जायचा. बटणावरचा असा टप अमेरिकेत १९३९ साली प्लायमाउथ गाडीला आला. तो निर्वात पोकळीच्या जोरावर चालत असे. तेलाच्या दाबावर चालणारे टप पुढे रूढ झाले.

भाच्याला या टपाचे फार कुतूहल. पण पंपाचे झाकण उघडायची वेळ आली की गॅरेजचे मिस्त्री त्याला हमखास चहा आणायला पाठवत. तो परत येईपर्यंत झाकण बंद झालेले असे. तीन वर्षांत त्याने शेकडो कप चहा आणला आणि पंप एकदाही आतून पाहिला नाही.

त्याने हे आम्हाला सांगितले तेव्हा आम्ही त्याला एक शंभर पानी वही दिली. आम्ही बी.कॉम. झालेले, हिशेबाची माणसे. आम्हाला एवढेच ठाऊक की ज्याची नोंद नाही तो व्यवहार उद्या कोणी मानत नाही. रोज काय काम झाले, कोणी केले, कोणते सामान वापरले, ते झोपण्यापूर्वी लिही, असे बजावले. पोराने ते मनावर घेतले.

मे महिन्यात इम्पालाचा टप अर्ध्यावर अडकला. ना वर, ना खाली. पावसाळा तोंडावर. मिस्त्री म्हणाले, पोराने चुकीचे तेल ओतले, पंप गेला. गॅरेजमालकाने भाच्याचा अर्धा पगार कापला आणि वर ऐकवले, “तुमच्या लोकांना आरक्षणाचे कागद कळतात, मशीन कळत नाही.”

ताई रडत घरी आली. आमचे डोके तापले. त्याच रात्री तक्रार अर्जाचा मसुदा केला, मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांना निरोप दिला. आजवर आम्ही असेच लढत आलो. पण भाचा म्हणाला, “मामा, अर्ज नंतर द्या. आधी मला पंप उघडू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि मी सांगतो ते लिहून घ्या.”

गाडीच्या वृद्ध मालकांनी शब्द टाकला म्हणून रविवारची परवानगी मिळाली. मिस्त्रीही हाताची घडी घालून कोपऱ्यात उभे राहिले.

भाच्याने प्रथम मागची सीट काढली. मागे एक विजेची मोटर, तिला जोडलेला पंप आणि टोकाला तेलाची छोटी टाकी. तिथून रबरी नळ्या दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांना गेलेल्या. आम्ही विचारले, हे चालते कसे? तो म्हणाला, “मोटर दोन्हीकडे फिरते, मामा. एकीकडे फिरली की तेल सिलिंडरच्या खालच्या तोंडाने शिरते, दांडा बाहेर येतो, टप उठतो. उलटी फिरली की तेल वरच्या तोंडाने शिरते, दांडा आत जातो, टप बसतो. तेच तेल फिरत राहते. ते खर्च होत नाही. कमी झाले तर कुठेतरी गळतेच.”

हे आम्हाला चटकन पटले. आमच्या जमाखर्चाचा नियमही हाच. रक्कम हवेत जात नाही. ताळा लागत नसेल तर ती कुठल्या तरी खात्यात सापडतेच.

मग त्याने एकेका गोष्टीवरचा संशय काढायला सुरुवात केली. पंपाच्या तारेला बल्ब लावला. बटण दोन्हीकडे दाबून पाहिले, बल्ब लागला. म्हणजे वीज येते. अर्थिंगची तार गंजली होती, ती पॉलिश पेपरने घासली. तरी मोटर घुंई करून बंद पडे, कारण जोर जास्त पडला की वीज तोडणारी कळ तिच्यात होती. मग सिलिंडरचे दांडे टपाच्या सांगाड्यापासून सोडवले आणि आम्ही दोघांनी टप हाताने उचलला. अलगद उठला. म्हणजे सांगाडा अडकलेला नाही. मग खाली चिंध्या अंथरून, कारण ब्रेक ऑइल रंगाला लागले तर रंग उचलून येतो, नळ्या सोडल्या आणि त्यांची तोंडे बाटलीत धरून बटण क्षणभर दाबले. तेलाची चिळकांडी उडाली. पंप ठणठणीत!

राहिले सिलिंडर. दोन्हींचे दांडे आत घट्ट रुतले होते. बाटलीतले तेल लालसर होते. भाच्याने ते बोटावर घेतले आणि थांबला.

या गाडीच्या टपात कारखान्यातून ब्रेक ऑइल भरलेले असे. आतले रबर त्याच्यासाठीच बनवलेले. लाल तेल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, खनिज जातीचे. ते स्वतः वाईट नाही, पण त्या जुन्या रबराला चालत नाही. रबर फुगते, मऊ पडते आणि दांड्याला धरून बसते.

“लाल तेल कोणी घातले?” मालकाने विचारले. भाच्याने वही पुढे केली. मार्चमधल्या एका तारखेला लिहिले होते: ‘इम्पाला. टपाच्या टाकीत लाल तेल. मी चहा घेऊन आलो तेव्हा बाटली रिकामी होती. घालताना पाहिले नाही.’

न पाहिलेले त्याने पाहिले म्हणून लिहिले नव्हते. त्या शेवटच्या वाक्याने त्याला वाचवले, असे आम्हाला वाटते. मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग खाली बघत म्हणाले, “मीच घातले. माझ्या उस्तादने कोणते तेल ते कधी सांगितले नाही. मलाही तो चहालाच पाठवायचा.”

आम्हाला आमचे आजोबा आठवले. ते गिरणीत त्रासन खात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या ओठांचा विटाळ होई! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. आजोबांचे हात कमी पडत नव्हते. त्यांना साच्याजवळ उभेच राहू दिले नव्हते. आणि मग म्हणायचे, यांना विणता येत नाही. भाच्याला ऐकवलेले वाक्य त्याच जातीचे.

ते सिलिंडर कारखान्यातच दाबून बंद केलेले असतात, उघडून दुरुस्त होत नाहीत. मालकांनी अमेरिकेहून नवी जोडी, नळ्या आणि पंपाच्या रबरी रिंगा मागवल्या. गंमत अशी की नव्या मालाच्या कागदावर लाल तेलच घाला असे छापले होते. म्हणून भाच्याने पंप पूर्ण उघडून धुतला, जुन्याचा थेंब राहू दिला नाही, एकूण एक रबर बदलले. तेल भरून टप अनेकदा वरखाली केला, दर खेपेला टाकी तपासली. आतली हवा निघून गेली आणि मोटरचा आवाज एकसारखा झाला. जूनच्या पहिल्या सरीच्या आधी टप सरसर उठून जागेवर बसला.

कापलेला पगार परत मिळाला. त्या वाक्याबद्दल माफी मात्र कोणी मागितली नाही. आमचा अर्ज आम्ही फाडलेला नाही, फायलीला लावून ठेवला आहे.

पालकांनो, मुलगा गॅरेजात असो, प्रेसमध्ये असो की वायरमनच्या हाताखाली, त्याला एक वही घेऊन द्या. पाहिले ते लिही, आणि न पाहिलेले ‘पाहिले नाही’ असे लिही, हेही शिकवा.

परवा आम्ही गॅरेजवरून गेलो. नवा पोरगा आला आहे, सोळा-सतरा वर्षांचा. भाच्याने कसलेसे झाकण खोलायला घेतले, तसा तो पोरगा सवयीने किटली घेऊन निघाला. भाचा म्हणाला, “किटली ठेव खाली. इकडे ये, जवळ बस. चहा मागाहून आपण दोघे जाऊन पिऊ.”