बाबांचा तीळ

आमच्या घरीं आई व बाबा यांचें एकत्र असें छायाचित्रच नव्हतें. कॅमेरा नेहमीं बाबांच्या हातीं असे. गेल्या वर्षीं ते वारले, तेव्हां आई मला म्हणाली, "तुला संगणक येतो ना? आम्हां दोघांना एका चौकटींत बसव."

विद्यार्थिमित्रहो, संगणकावरील फोटोशॉप या साधनांत १९९४ सालापासून चित्रांचे थर करतां येतात. कांचेवर कांच ठेवावी तसा हा प्रकार. वरचा थर जेथें झांकावा तेथें खालचा दिसूं लागतो. मीं खालीं आईचें चित्र ठेविलें, वर बाबांचें, आणि त्यांच्या मागची झाडी मास्कनें झांकली. खोडली नाहीं, हें ध्यानांत घ्या. झांकलेलें पुन्हां उघडतां येतें.

युक्ति जुनीच आहे. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकारानें १८५८ सालीं ५ निगेटिव्ह जोडून एका मरणोन्मुख मुलीचें चित्र सिद्ध केलें. मुलगी वस्तुतः निरोगी होती. तरी पाहणाऱ्यांचें काळीज हाललें, व कित्येकांनीं त्यास दोषही दिला.

माझी अडचण निराळी होती. आईच्या मुखावर ऊन डावीकडून, बाबांच्या मुखावर उजवीकडून. मीं बाबांचा थर आरशांतल्याप्रमाणें उलटा केला, आणि प्रकाश बेमालूम जुळला. खरें सांगावयाचें तर मला थोडा गर्वही झाला.

आईनें चित्र पुष्कळ वेळ न्याहाळिलें. मग हळूच म्हणाली, "अरे, त्यांचा तीळ उजव्या गालावर होता."

मीं थर पुन्हां सुलटा केला. आतां भिंतीवरच्या त्या चौकटींत दोघांवर दोन दिशांनीं ऊन पडतें. आईची कांहीं तक्रार नाहीं.