वाचलेल्यांची यादी

‘थ्री कलर्स: रेड’ पाहणाऱ्यांचं पहिले दीड तास बऱ्यापैकी एकमत असतं. शेवटच्या पाच मिनिटांत फूट पडते. इंग्लिश खाडीत वादळ येतं, हजारावर प्रवासी असलेली बोट बुडते आणि टीव्हीवरच्या बातमीत वाचलेल्या सात जणांपैकी सहा जण नेमके या आणि आधीच्या दोन सिनेमांतले मुख्य लोक निघतात. कुणी म्हणतं, अप्रतिम. कुणी म्हणतं, हे फारच झालं. या शेवटाबद्दलची मतं गोळा करायचा मला नाद लागला आहे, कारण त्या पाच मिनिटांबद्दल बोलता बोलता माणसं सिनेमा सोडून भलतंच काही सांगायला लागतात.

(शेवट सांगून टाकला, हे खरं. पण तो कळल्यामुळे सिनेमाचं काही बिघडत नाही.)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिस्तॉफ किस्लोव्स्की हा पोलिश दिग्दर्शक. १९९३मध्ये ‘ब्लू’, १९९४मध्ये ‘व्हाइट’ आणि ‘रेड’. फ्रान्सच्या झेंड्याचे तीन रंग आणि त्यांना जोडलेली तीन मूल्यं – स्वातंत्र्य, समता, बंधुता. पटकथेतला त्याचा जोडीदार क्रिस्तॉफ पिएसेविच हा पेशाने वकील. ‘रेड’ १९९४च्या कान महोत्सवात होता. त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक ‘पल्प फिक्शन’ला गेलं आणि ‘रेड’ रिकाम्या हाताने परतला. यानंतर सिनेमा करणार नाही असं किस्लोव्स्कीने जाहीर केलं आणि मार्च १९९६मध्ये, वयाच्या ५४व्या वर्षी तो गेला. म्हणजे ‘रेड’ हा त्रयीचा शेवट आणि त्याचाही.

गोष्ट जिनिव्हातली. व्हॅलेंटिन ही मॉडेलिंग करणारी विद्यार्थिनी. तिच्या गाडीखाली एक कुत्री येते. पट्ट्यावरचा पत्ता वाचून ती मालकाकडे जाते. मालक म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. दार उघडं टाकून बसलेला, कुत्रीचं काय झालं याचंही सोयरसुतक नसलेला. त्याचा उद्योग एकच: शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणं. व्हॅलेंटिनच्या घरासमोरच ऑगस्त नावाचा कायद्याचा विद्यार्थी राहतो. ती दोघं रोज एकमेकांच्या आसपास वावरतात, पण भेट होत नाही. न्यायाधीशाच्या तरुणपणी जे घडलं, तेच आता ऑगस्तच्या बाबतीत घडतं आहे. शेवटी व्हॅलेंटिन आणि ऑगस्त एकाच बोटीत चढतात.

हा सिनेमा आम्ही नेऱ्यात पाहिला. नेरे मुळशी तालुक्यात. हिंजवडीहून मारुंजीमार्गे पुढे आलं की उंच इमारती अचानक संपतात आणि भातखाचरं सुरू होतात, मग पुन्हा एक इमारत. ऊसतोडणीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर, एरवी पाण्याचे टँकर. इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना पुण्याचं सांस्कृतिक जीवन वगैरे ऐकून माहीत असतं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडवर. तिथे संध्याकाळच्या खेळाला पोचायचं तर दुपारीच लॅपटॉप मिटावा लागतो. जानेवारीतल्या ‘पिफ’ला एक-दोन दिवस रजा टाकून जातो तेवढंच. म्हणून दर शनिवारी आमच्या हॉलमध्ये पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर आणि पाच-सहा जण. सगळे इंजिनिअर, सगळे भाड्याने राहणारे.

पहिलं मत टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या मित्राचं. तो नांदेडचा आहे आणि कुठल्याही गोष्टीतलं भोक आधी शोधतो. त्याने चहा ओतता ओतता हिशेब मांडला. हजारावर माणसांतून सात वाचतात, त्यातले सहा आपल्या ओळखीचे. याची शक्यता काढायला बसलास तर दशांशचिन्हानंतर शून्यं मोजत बसशील. कुत्रीला पिल्लं किती? सात. वाचले किती? सात. “हा योगायोग नाही, ही हार्डकोडिंग आहे.” आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शिवी नाही. प्रोग्रॅमने उत्तर स्वतः शोधायचं असतं. ते आधीच लिहून ठेवलं की हार्डकोडिंग.

दुसरं मत एका सहकारीचं. तिला बोटीशी घेणंदेणं नव्हतं. तिचा राग न्यायाधीशावर होता. इतक्या लोकांची खासगी बोलणी ऐकणाऱ्या माणसाला सिनेमा इतक्या लवकर माफ कसा करतो? आपल्याकडे फोन टॅपिंग म्हणजे खासगीपणाच्या हक्कावर घाला, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच सांगितलं आहे, हे तिने ऐकवलं. खरं तर सिनेमाने त्याला तसा फुकट सोडलेला नाही. तो स्वतःच शेजाऱ्यांना आणि पोलिसांना पत्रं लिहून कळवतो, खटला होतो, लोक त्याच्या खिडक्यांवर दगड मारतात. पण ते तिला पुरेसं वाटलं नाही. मग ती माझ्याकडे वळली. “तुझं काम आणि त्याचं काम यात फरक काय?”

माझं काम असं: ग्राहकसेवा केंद्रांवर आलेले फोन ऐकून त्यांचा मजकूर करणाऱ्या आणि बोलणाऱ्याची मनःस्थिती ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करतो. राग, समाधान, तटस्थ. यंत्राने लावलेली चिठ्ठी बरोबर आहे का, हे तपासायला आम्ही थोडे नमुने स्वतः ऐकतो. नावं, नंबर काढून टाकलेले असतात. मी तिला फरक सांगितला – आमच्याकडे फोन सुरू होतानाच सांगितलं जातं की संभाषण रेकॉर्ड होत आहे. ती म्हणाली, “ठीक. पण तो निदान स्वतः पूर्ण ऐकत होता.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मागे एक नमुना ऐकला होता. एक म्हातारे गृहस्थ, मराठी ग्रामीण. तक्रार दोन मिनिटांत संपली, तरी ते बोलत राहिले, आणि दर थोड्या वेळाने विचारत राहिले, “ऐकताय ना?” पलीकडची मुलगी दर वेळी “हो सर” म्हणत होती. यंत्राने चिठ्ठी लावली होती – तटस्थ. तपासली तर चिठ्ठी बरोबरच होती. त्यांच्या आवाजात राग नव्हता. समाधानही नव्हतं. जे होतं त्याच्यासाठी आमच्याकडे खाना नाही.

‘रेड’मधल्या न्यायाधीशाचं असंच आहे. त्याला प्रत्येक घरातलं सगळं माहीत आहे आणि त्याने काहीच बदलत नाही. व्हॅलेंटिन चिडून शेजारच्या घरी सांगायला जाते की तुमचे फोन ऐकले जातात. आत गेल्यावर तिला दिसतं की त्या माणसाची लहान मुलगी दुसऱ्या फोनवरून बापाचं गुपित ऐकते आहे. ती काही न बोलता परत येते. गुपित फोडलं तरी माणसं मोडतात, न फोडलं तरी. ऐकणं वाईट की चांगलं, या प्रश्नाचं उत्तर त्या दारात मिळत नाही.

तिसरं मत हे मत कमी आणि भांडण जास्त होतं. व्हॅलेंटिन आणि न्यायाधीश यांच्यात आहे तरी काय? एकजण म्हणाला, प्रेम. फक्त चाळीस वर्षं उशीर झाला. दुसरा म्हणाला, बाप-लेक. तिसरा म्हणाला, आजोबा-नात, वय बघा. मराठीत हा वाद वाढत जातो, कारण आपल्याला अनोळखी माणूसही नात्याशिवाय चालत नाही. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, वॉचमन दादा. नातं चिकटवलं की जबाबदारी ठरते आणि तिची हद्दही ठरते. ‘रेड’मध्ये ती सोय नाही. त्या दोघांचं एकमेकांशी काहीही लागत नाही, आणि सिनेमा दीड तास तेवढ्यावरच उभा आहे.

बंधुता हा शब्द आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर वाचलेला असतो आणि तिथेच सोडलेला असतो. स्वातंत्र्यासाठी, समतेसाठी कोर्टात जाता येतं. बंधुतेसाठी कुठे जाणार? २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी या तिन्हींना वेगळं करता येत नाही असं सांगितलं. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या थरापेक्षा खोल जाणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. रंगाचा थर! तीन रंगांच्या सिनेमात हे मला फार नेमकं लागू पडतं असं वाटतं. पुढे त्यांनी असंही लिहून ठेवलं की बंधुता हा शब्द अपुरा आहे, खरा शब्द बुद्धाचा – मैत्री. ज्याच्याशी काही लागत नाही त्याच्याशीही असू शकते अशी. आमच्या हॉलमधल्या भांडणाला हे उत्तर चाललं असतं, पण तोवर सगळे जेवायला उठले होते.

चौथं मत आईचं.

आई औसा तालुक्यातली, जिल्हा लातूर. दिवाळीनंतर आठवडाभर नेऱ्याला आली होती. रविवारी दुपारी तिच्या शेजारी बसून मी सिनेमा लावला आणि वाक्यं मराठीत सांगत गेलो. तिने सुरुवातीलाच अडवलं. “ती त्याला हाक काय मारते?” म्हटलं, काहीच नाही. “काहीच न्हाई?” म्हटलं, तुम्ही म्हणते. तिने मान हलवली आणि पुढे बघू लागली.

त्रयीच्या तिन्ही सिनेमांत एक म्हातारं माणूस येतं. पाठीतून वाकलेलं, हातात बाटली. काच टाकायच्या मोठ्या डब्याच्या भोकापर्यंत त्याचा हात पोचत नाही. ‘ब्लू’मधल्या नायिकेला ते दिसतच नाही. ‘व्हाइट’मधला नायक त्याच्याकडे बघून हसतो. ‘रेड’मध्ये व्हॅलेंटिन जाते आणि बाटली आत ढकलते. रसिक मंडळी हा त्रयीचा खरा शेवट मानतात; मीही तसं मोठ्या आवाजात आईला समजावलं. आई म्हणाली, “ते खरं. पण भोक एवढं उंच कुणासाठी ठेवलंय?”

आमच्या सोसायटीत कचरा उचलायला येणाऱ्या बाईंना आई दोन दिवसांत नावाने ओळखत होती. मी दोन वर्षं राहतो आहे.

मग बोट बुडाली. टीव्हीवर एकेक चेहरा येऊ लागला, निवेदक नावं सांगू लागला. मी आईकडे पाहिलं, ती काय म्हणते याची मला उत्सुकता होती. ती म्हणाली, “ह्यांच्यात बरंय. नावं सांगतेत.”

‘ब्लू’ला व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला तो सप्टेंबर १९९३मध्ये. त्याच महिन्याच्या ३० तारखेला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. ६.२ रिश्टर, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीची माळवदं. उन्हाळ्यात थंड राहणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. विसर्जनाहून उशिरा आलेली, उकडतंय म्हणून अंगणात झोपलेली. घरात झोपलेली तिची आत्या गेली. एवढंच ती सांगते, याहून जास्त नाही.

मामा त्या वेळी पिंपरीत एका कारखान्यात हेल्पर होता. सकाळी खोलीतल्या रेडिओवर त्याने बातमी ऐकली. गावांची नावं येत होती – किल्लारी, सास्तूर. माणसांची येणार तरी कशी? फोन लागत नव्हते. मिळेल त्या एसटीने तो निघाला, आणि पोचेपर्यंत प्रत्येक टपरीवरच्या रेडिओला कान लावत गेला. आपलं गाव यादीत आहे की नाही एवढंच त्याला ऐकायचं होतं.

मी आईला नांदेडच्या मित्राचा आक्षेप सांगितला. नेमकी हीच माणसं कशी वाचली, हे पटत नाही म्हणतो. आई म्हणाली, “मला बी लोक पाच-सात वर्षं विचारायचे, तूच कशी वाचलीस. वाचलेल्याला कारण विचारू नये.”

त्यानंतर मी शेवटाकडे वेगळ्या बाजूने बघायला लागलो. आम्ही सगळे टीव्हीच्या पडद्यावर बघत होतो – कोण वाचलं, किती, शक्यता काय. आईने टीव्हीसमोरच्या माणसाकडे बघितलं. सिनेमाच्या सुरुवातीला हा माणूस सगळ्यांचं ऐकतो आणि त्याला कुणाचीही काळजी नाही. शेवटीही तो ऐकतोच आहे. पण आता त्याला एक नाव ऐकायचं आहे, आणि त्या नावाशी त्याचं काही लागत नाही. किस्लोव्स्कीने हार्डकोडिंग केलंच आहे, त्यात शंका नाही. सहा माणसं त्याने हाताने उचलून काठावर ठेवली आहेत. पण न्यायाधीशाची ती घालमेल हाताने ठेवलेली नाही. ती यायला त्याला सगळा सिनेमा लागला आहे.

किल्लारीनंतर सैन्य आलं, गावोगावची माणसं भाकरी बांधून आली. भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे १२०० मुलं पुण्याला आणून शिकवली. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. यातल्या बहुतेकांचं मेलेल्यांशी किंवा वाचलेल्यांशी काही लागत नव्हतं. त्यांना काय म्हणायचं, यासाठी आईकडेही शब्द नाही. ती “ती लोकं” म्हणते.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, पटलं, पण सात पिल्लं तरीही जास्त होती. तेही बरोबर आहे. सहकारीचा राग अजून तसाच आहे. तिने ‘रेड’ला पाचपैकी तीन दिले आहेत, एक गुण फक्त लाल रंगासाठी. आईने गुण दिले नाहीत. टीव्ही बंद करताना तिने एकच विचारलं, जे बुडाले त्यांची नावं सांगितली का. मी सिनेमा मागे नेऊन पुन्हा पाहिला. नाहीत.