एका तारेचे वाद्य

आमचे अण्णा गायन पार्टीत तुणतुणे वाजवायचे. गायकाचे नाव पत्रकावर मोठ्या अक्षरात, पेटीवाल्याचे आणि ढोलकीवाल्याचे त्याखाली. तुणतुणेवाल्याचे नाव कधीच छापून येत नसे. मी नववीत असताना वर्गातल्या मुलांनी अण्णांना कार्यक्रमात पाहिले आणि मला ‘तुणतुण्या’ म्हणू लागले. त्या रात्री मी अण्णांना म्हणालो, “आमच्या शाळेच्या बाजूला वाजवायला येत जाऊ नका.” अण्णा काही बोलले नाहीत. पुन्हा तिकडे कधी आलेही नाहीत.

आज अण्णा नाहीत. हे सारे आठवायला कारण झाला पुतण्या. त्याने मोबाईलवर एक रेकॉर्ड लावली आणि म्हणाला, “काका, तुणतुण्यासारखे वाटते ना?”

ते वाद्य होते बेरिंबाउ. लाकडी धनुष्य, त्याला एकच पोलादी तार आणि खाली बांधलेला वाळका भोपळा. तारेवर काडीने मारायचे, दुसऱ्या हातातल्या नाण्याने किंवा दगडाने तार दाबायची आणि भोपळा पोटाशी जवळ-लांब करून आवाज फिरवायचा. आफ्रिकेतून गुलाम करून ब्राझीलला नेलेल्या माणसांनी हे वाद्य तिथे रुजवले. ब्राझीलमधली गुलामगिरी 1888 साली संपली. पण बेरिंबाउच्या तालावर खेळला जाणारा त्यांचा कपोएरा हा खेळ 1890 च्या कायद्याने गुन्हा ठरला. वाद्यावर माणसाची पायरी कशी चिकटते, ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

वाजवणारे होते रेसिफे शहरातले नाना वास्कोन्सेलोस. सोबत दोघे अमेरिकन. डॉन चेरी हे कृष्णवर्णीय जाझ वादक. हातात छोटा ट्रम्पेट आणि माली देशातल्या शिकाऱ्यांचे भोपळ्याचे तंतुवाद्य. कॉलिन वॉलकॉट हे पंडित रविशंकर यांच्याकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकलेले. तिघांच्या नावांची पहिली अक्षरे जोडून संचाचे नाव ठेवले ‘कोडोना’. 1978 ते 1982 या काळात त्यांनी तीन रेकॉर्डी केल्या. त्यांत बरेचसे वादन जागच्या जागी सुचलेले आहे. एकाने सूर टाकायचा, दुसऱ्याने तो ऐकून उत्तर द्यायचे.

मी बी.कॉम. झालेला कारकून. संगीतातले मला कळत नाही. पण एक गोष्ट कानाला कळली. सतार पुढे आणि बेरिंबाउ मागे, असे तिथे नाही. कधी ती एकच तार बोलते आणि सतार थांबून ऐकते. कोणी कोणाचा साथीदार नाही, तिघेही वादक. एकमेकांचे ऐकल्याशिवाय असे वाजवता येणारच नाही.

8 नोव्हेंबर 1984 रोजी पूर्व जर्मनीत बसच्या अपघातात वॉलकॉट गेले आणि कोडोना संपले. चेरी 1995 मध्ये गेले. नाना 2016 पर्यंत होते. बेरिंबाउला त्यांनी जगातल्या मोठमोठ्या रंगमंचांवर नेले.

त्या रविवारी मी माळ्यावरून तुणतुणे काढले. तार गंजलेली, चामडे फाटलेले. वाजवायची लाकडी काडी मात्र दोरीने तशीच बांधलेली होती. अण्णांच्या बोटांनी ती एका बाजूला झिजली होती. मी ती तशीच चिमटीत धरली आणि बराच वेळ माळ्याच्या शिडीवर बसून राहिलो. ज्यांची क्षमा मागायची, ते आता ऐकायला नाहीत.

तुणतुणे मढवायला दिले आहे. पुतण्या शिकतो म्हणतो. परवा जयंती कमिटीच्या बैठकीत मी एकच सूचना मांडली : यंदाच्या पत्रकावर तुणतुणेवाल्याचेही नाव छापायचे, आणि इतरांच्याच अक्षरात. सूचना मंजूर झाली. तुमच्या वस्तीतही कोणी तुणतुणेवाला असेल, तर त्याचे नाव विचारा. तो ऐकायला आहे तोवर विचारा.