लिंबू पिळलं होतं, तरी जुलाब कसे?

पावसाळ्यात पोट बिघडलेले रुग्ण वाढले की दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर येतं, "डॉक्टर, मी तर भरपूर लिंबू पिळून खाल्लं होतं." पदार्थ भेळ असो, पाणीपुरी असो की सकाळी चिरून ठेवलेली काकडी. आंबट म्हणजे जंतू मारणारं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती अगदीच खोटी नाही. लोणचं वर्षभर टिकतं ते आंबटपणा, मीठ आणि तेलाच्या जोरावर. पण लोणचं मुरायला दिवस जातात. लिंबू पिळून आपण पुढच्याच मिनिटाला घास तोंडात घालतो.

जठरातलं आम्ल तर लिंबाच्या रसाहूनही तीव्र. रिकाम्या पोटी त्याचा पीएच 1.5 ते 2 च्या आसपास असतो. (आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र.) त्यात बहुतेक जंतू लवकर मरतात. मग काही आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतात कसे?

एक कारण आपलं जेवणच. पोट भरलं की आम्ल काही काळ सौम्य होतं, आणि अन्नाच्या कणांच्या आडोशाने जंतू पुढे सरकतात. दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं. 1990 साली फॉस्टर आणि हॉल या संशोधकांनी साल्मोनेला जंतूंना आधी सौम्य आम्लात, 5.8 पीएचला, थोडा वेळ वाढू दिलं आणि मग 3.3 च्या तीव्र आम्लात टाकलं. अशी 'सवय' झालेले जंतू सवय नसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने जगले. सौम्य आंबटपणा म्हणजे त्यांच्यासाठी रंगीत तालीमच!

ई. कोलायची युक्ती वेगळी. आम्लाचे कण पेशीत घुसले की तो ग्लुटामेट नावाचं अमिनो आम्ल वापरून ते कण अडकवतो आणि तयार झालेला पदार्थ बाहेर टाकतो. होडीत शिरणारं पाणी डबड्याने उपसत राहावं, तसं. हे ग्लुटामेट आपल्या जेवणात भरपूर असतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1991 साली न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची लागण झाली. रसाचा पीएच 4 हूनही कमी होता. पुढे तपासलं तर फ्रीजमधल्या तशा रसात हा जंतू 20 दिवस जिवंत राहिला. थंडीत तो वाढत नाही, पण आम्लाने मरण्याचा वेगही मंदावतो. म्हणून चिंचेची चटणी फ्रीजमध्ये ठेवली, म्हणजे ती निर्जंतुक झाली असं होत नाही.

हे आम्ल आपल्याला किती वाचवतं, ते कॉलऱ्यावरच्या एका जुन्या अभ्यासातून कळतं. स्वयंसेवकांना आधी सोडा देऊन आम्ल मारलं, तेव्हा आजारासाठी दहा लाख जंतू पुरले. सोडा न देता त्याच्या हजारो पट लागले.

आता आपल्या घरातल्या गॅसच्या गोळीकडे या. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या सोड्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आम्ल दाबतात, आणि त्या घेणाऱ्यांत साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टरचे संसर्ग जास्त आढळतात. माझ्याकडच्या एका आजींना वर्षभरात दोनदा ताप-जुलाब झाले. खोदून विचारल्यावर कळलं, गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्यांसोबत पंधरा दिवसांसाठी दिलेली गॅसची गोळी त्या सहा वर्षं रोज घेत होत्या. दुखण्याच्या गोळ्या केव्हाच थांबल्या होत्या. "सवय झाली हो," त्या म्हणाल्या. ती आम्ही हळूहळू बंद केली. एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळतं, जळजळ वाढते आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो.

हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. अल्सरमधून रक्तस्राव झालेल्यांना, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या अनेकांना ती खरोखर लागते. त्यांनी चिरून ठेवलेली फळं, बाहेरचा बर्फ, उघड्यावरच्या चटण्या टाळाव्यात. जुलाबासोबत ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट पाहू नये. येताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. कोणती औषधं चालू आहेत असं विचारलं, तर गॅसची गोळी बहुतेक जण त्यात धरतच नाहीत.