खिशातली फिफ्टी

लेन्स कोणती घेऊ, असं कुणी विचारलं की मी एकच गोष्ट विचारतो: भाजी आणायला जाताना ती सोबत नेशील का? नेणार असशील तर तीच घे. शार्पनेस, झूम, किंमत हे सगळं त्यानंतर. हौशी माणसांच्या घरी कपाटात पडून असलेल्या लेन्स मी खूप पाहिल्या आहेत. उत्तम, महागड्या आणि जड. लग्नसराईत त्या बाहेर निघतात, एरवी पिशवीची चेनसुद्धा उघडत नाही.

आमच्या धुळ्याच्या घरात पहिला कॅमेरा आला तो काकांचा, अ‍ॅग्फा क्लिक थ्री. १२० चा रोल, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. लेन्स इतकी साधी की फोकस फिरवायची सोयच नव्हती. दहाएक फुटांवरचा माणूस नीट येई, त्याच्या अलीकडे सरकला की धूसर. त्यामुळे आमच्या लहानपणीच्या फोटोंत आम्ही सगळे लांब, रांगेत, ताठ उभे आहोत आणि पुढे नुसतं अंगण आहे. 'मागे सरका, अजून मागे,' हे काकांचं ठरलेलं वाक्य.

पांझरेकाठी एकवीरा देवीच्या देवळाबाहेर काढलेला एक फोटो अजून माझ्याकडे आहे. मधोमध आजी. तिच्या लुगड्याचा काठ, हातातलं पूजेचं ताट, कपाळावरचं कुंकू, सगळं लख्ख. कडेला उभी असलेली आम्ही पोरं मात्र कोपऱ्याकडे पुसट होत गेलेली. स्वस्त, साध्या भिंगाची ती मर्यादाच असते; मधलं स्पष्ट आणि कडा मऊ. पण नजर त्या फोटोत आधी आजीवर जाते, आणि त्या घरात सगळं आजीभोवतीच फिरत होतं. लेन्सला स्वभाव असतो हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. दिसलं होतं ते या फोटोत.

जळगावला कॉलेजात असताना एका मित्राकडे रशियन झेनिट होता. बॉडी लोखंडी ठोकळा, पण त्यावरची हेलिओस ४४-२ ही लेन्स मनात बसली ती कायमची. ५८ मिलिमीटर, एफ २. जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सच्या आराखड्यावरून सोव्हिएत कारखान्यांनी ती बनवली आणि अमाप बनवली, म्हणून आजही ती जुन्या बाजारात सापडते. मेहरूण तलावाच्या काठी कडुनिंबाखाली मित्राला उभं करायचं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, चेहरा मधे घ्यायचा. मागच्या पानांमधून झिरपणारे उन्हाचे ठिपके मधे गोल येतात आणि कडेकडे जाताना लंबगोल होत, एका वर्तुळात वळत जातात. सगळं झाड त्या माणसाभोवती फिरतंय असं वाटतं. ही जादू अटी घालून येते. मागची पानं फार जवळ नकोत, फार लांबही नकोत, आणि अ‍ॅपर्चर एफ ४ वर नेलं की चक्र थांबतं. नव्या लेन्स बनवणाऱ्यांनी हा दोष कष्टाने काढून टाकला. आता तोच दोष हवा म्हणून लोक हेलिओस शोधत फिरतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मधली काही वर्षं स्टुडिओवाल्या मित्राबरोबर लग्नं केली. तिथे ७०-२०० चा झूम लागतो, एफ २.८ चा असेल तर एकटी लेन्स दीड किलोच्या आसपास भरते. मांडवाच्या टोकाला उभं राहून नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचं तर तिला पर्याय नाही, आणि ती ते काम चोख करते. पण मांडवाबाहेर, आठवडे बाजारात ती लेन्स वर उचलली की समोरची माणसं बोलायची थांबतात. कुणी पदर सावरतं, कुणी तोंड फिरवतं, कुणी विचारतं, 'पेपरात येणार का?' एवढी मोठी नळी आपल्याकडे वळली की कुणालाही अवघडल्यासारखं होणारच.

मग हाती आली फिफ्टी. कॅननची ५० मिलिमीटर, एफ १.८; २०१५ साली आलेली नवी आवृत्ती. वजन १६० ग्रॅम. शर्टाच्या खिशात मावते. तिच्या पोटात सहा काचा आहेत, आणि त्या मांडणीचं मूळ थेट १८९६ सालच्या, झाइसच्याच पॉल रुडॉल्फ यांच्या प्लानार लेन्सपर्यंत जातं. सव्वाशे वर्षं घोटलेला आराखडा आहे, म्हणूनच ती एवढी हलकी, एवढी स्वस्त आणि तरीही एवढी गुणी आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ म्हणजे तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत.

दहापट प्रकाश म्हणजे काय ते मला अमळनेरला मावशीच्या घरी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला कळलं. जुनं धाब्याचं घर. स्वयंपाकघरात चुलीचा जाळ आणि वरच्या झरोक्यातून येणारा एक तिरका कवडसा, एवढाच उजेड. फ्लॅश मारला असता तर भांडी चमकली असती आणि जाळ मेला असता. चुलीवर खापर पालथं घातलेलं, मावशी मांडे करत होती. पुरण भरलेला उंडा आधी तळहातांवर थोपटला, मग तो मनगटांवर गेला, मग दोन्ही हात आळीपाळीने फिरवत ती त्याला कोपरांकडे नेऊ लागली. दर फेरीला मांडा वाढत होता आणि पातळ होत होता. शेवटी तो मलमलीसारखा झाला, मागचा जाळ त्यातून दिसू लागला, आणि आत पुरणाची सावली. मी दारात उभा होतो. मावशी मान वर न करता म्हणाली, 'इतला दूर काब्र उभा शे रे? आठे बस.'

बसलो. ही लेन्स पस्तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. एवढ्या जवळून एफ २ वर स्पष्ट येतो तो जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टा. मी फोकस ठेवला मांड्याच्या काठावर आणि पिठाने माखलेल्या तिच्या बोटांवर. मागे जाळाचा नुसता केशरी रंग राहिला. मावशीचा चेहरा त्या फोटोत नाही, तरी घरातल्या प्रत्येकाने हात पाहून तिला ओळखलं. काकांच्या क्लिक थ्रीला जिथे 'मागे सरका' म्हणावं लागे, तिथे ही लेन्स आणि मावशी दोघी मला पुढे बोलावत होत्या.

छोट्या सेन्सरच्या कॅननवर फिफ्टी ८० मिलिमीटरसारखी वागते. तेव्हा अरुंद खोलीत अख्खं कुटुंब घ्यायचं असेल तर ती उपयोगाची नाही. त्यासाठी २४ मिलिमीटरची चपटी पॅनकेक लेन्स घ्यावी. ती १२५ ग्रॅमची आहे, आणि लावली की कॅमेऱ्यावर काही लावलंय असं वाटतही नाही.

पुढे हेलिओसही मिळाली, जुन्या बाजारातून. तिची आणि फिफ्टीची पुढची आटी एकाच मापाची निघाली, ४९ मिलिमीटर. म्हणजे एकच रिव्हर्स रिंग दोघींना चालते. लेन्स उलटी करून लावली की ती भिंग होते, अगदी जवळचं पाहणारं. यात जुनी हेलिओस सरस, कारण अ‍ॅपर्चरची कडी तिच्या अंगावरच आहे. नवी लेन्स उलटी लावली की कॅमेऱ्याशी तिचा संपर्क तुटतो आणि अ‍ॅपर्चर हलत नाही. चोपड्याकडच्या एका शेतात कापसाचं फुटलेलं बोंड मी असं पाहिलं. बोंडाच्या वाळक्या पाकळीचं टोक काट्यासारखं टणक. वेचणाऱ्या बाईची बोटं का सोलवटतात ते त्या टोकाकडे पाहिलं की विचारावं लागत नाही. ज्या कापसावर खानदेशातल्या कितीतरी घरांचं वर्ष उभं राहतं, तो इतक्या जवळून मीही तोवर पाहिला नव्हता.

या भागाला कॅमेऱ्याचं ओझं नवं नाही. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथली चित्रं उतरवून घेण्यासाठी १८४४ साली नेमलेला रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला. त्या काळात काचेवर ओलं रसायन चढवायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा, अशी रीत होती. म्हणजे फोटोग्राफरबरोबर अंधारी खोलीसुद्धा डोंगरात न्यायची. गिलने काढलेली बरीचशी रंगीत चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत १८६६ साली जळाली. त्याची जोडछायाचित्रं १८६४ सालीच पुस्तकात छापली गेली होती. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आणि चाळीसगावला केकी मूस. जन्म १९१२, मृत्यू १९८९. इंग्लंडला जाऊन कला शिकून आलेला हा माणूस चाळीसगावच्या आपल्या घरात जवळजवळ बंद होऊन राहिला. बाहेर जाणं त्यांनी सोडलं, पण फोटो काढणं नाही. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश वळवायचा आणि त्यातून अख्खा निसर्ग उभा करायचा. या टेबलटॉप फोटोग्राफीने त्यांना देशाबाहेरही नाव मिळवून दिलं. मला ते फार मोठे वाटतात. दार न ओलांडता एका टेबलावर एवढं दिसू शकतं, हे त्यांनी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावात राहून दाखवलं, आणि आपण त्यांची म्हणावी तेवढी आठवण ठेवलेली नाही.

म्हणून सर्जनशील फोटोग्राफी करायची आहे असं म्हणणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे की नवा कॅमेरा लांबणीवर टाका. एक जुनी फिफ्टी घ्या. घेताना काचेतून टॉर्चचा उजेड टाकून आत बुरशीचं जाळं नाही ना, अ‍ॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेल आलेलं नाही ना, एवढं बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ती ठेवू नका. त्या उष्णतेने आतलं वंगण पातळ होतं. मग आपल्याच स्वयंपाकघरात, वावरात, ओट्यावर बसून पाहा. आणि एखाद्या रविवारी चाळीसगावला जा. केकी मूस यांचं घर आता कलादालन आहे, रेल्वे स्टेशनच्या जवळच.