आजीचं चित्र आणि जवसाचं तेल

दोस्तांनो, तुम्ही जवसाची चटणी खाल्ली आहे ना? गरम भाकरीबरोबर, वर थोडं तेल घेऊन? आमच्या आजीच्या हातची ही चटणी मला फार आवडायची. पण याच जवसाच्या तेलात रंग घोटून मोठमोठी चित्रं काढतात, हे मात्र नववीत जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

गोष्ट १९९४ सालची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी पास झाले होते. इंटरमिजिएटला तर 'ए' ग्रेड! त्यामुळे आपल्याला चित्रकला येते, अशी माझी पक्की समजूत झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये माझं नाव घातलं. जुन्या वाड्याच्या माडीवर सर तेलरंग शिकवायचे. लाकडी जिना चढायला लागलं, की टर्पेंटाइनचा वास नाकात शिरायचा.

पहिले आठ दिवस सरांनी ब्रश हातात दिलाच नाही. लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून ठोकायचा आणि त्यावर पांढऱ्या अस्तराचे हात द्यायचे, एवढंच काम. "सर, रंग कधी?" मी विचारलं. सर म्हणाले, "नुसत्या कापडावर तेल लावलंस तर ते कापड काही वर्षांत कुजेल. आधी त्याला अंगरखा घालू दे."

मग त्यांनी एक काच दाखवली. महिन्यापूर्वी तिच्यावर जवसाचं तेल पसरून ठेवलं होतं. बोट लावलं, तर तेल कुठलं? चिवट, पिवळसर साय! सर म्हणाले, "पाण्यातले रंग पाणी उडून गेलं की वाळतात. हे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. म्हणून एक नियम लक्षात ठेवा. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ केलेला, वरच्या थरांत तेल जास्त. उलटं कधीही करायचं नाही."

मी वहीत नियम लिहून घेतला. वही दप्तरात गेली आणि नियम वहीतच राहिला!

त्या श्रावणात आजीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. तिचं चित्र काढून तिला द्यायचं, असं मी ठरवलं. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "काढ की. पण श्रावणापर्यंत होणार नाही. होईल तेव्हा दे." मला ते पटलं नाही. वाढदिवसाची भेट वाढदिवसाला नको का द्यायला? मग मी घरीच, सरांना न सांगता सुरुवात केली.

दर रविवारी दुपारी आजी माझ्यासमोर बसायची. तिला बसायचं होतं झोपाळ्यावर. "अगं, हलशील ना!" म्हणून मी तिला वेताच्या खुर्चीत बसवलं. मग ती लसूण सोलत बसे, मध्येच डुलकी काढी. एकदा माझ्या ब्रशकडे बघत म्हणाली, "मीसुद्धा काढायची हो चित्रं. चौथीपर्यंत शाळेत होते ना, तेव्हा पाटीवर. एक काढायचं, पुसायचं, दुसरं काढायचं. ठेवायला काही नव्हतंच."

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. पण मी घाईत होते. "हो का?" म्हटलं आणि रंग कालवायला लागले.

चित्र भारदस्त दिसावं म्हणून मी आधी सगळ्या कॅनव्हासवर काळ्या रंगाचा जाड, चांगला तेलकट थर दिला. आठ दिवस झाले तरी तो चिकटच! श्रावण तर जवळ आलेला. मग काय केलं? वरचे रंग टर्पेंटाइननं पातळ केले, म्हणजे लवकर वाळतील. आणि आजी छान दिसावी म्हणून तिच्या सुरकुत्या काढल्याच नाहीत.

वाढदिवसाला सगळ्यांनी वाहवा केली. आजीनं चष्मा लावला, चित्र नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "छान आहे हो. कोण आहे ही?"

सगळे हसले. मीही हसले, पण रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

पुढचं तर आणखी वाईट. थंडी सुरू झाली आणि चित्राला तडे जायला लागले. आधी कपाळावर, मग गालावर. एके दिवशी चित्र कापडात गुंडाळून मी सरांकडे नेलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "काळा रंग मुळातच फार हळू वाळतो. त्यात तू तेल घातलंस. वरचा पातळ थर वाळून कडक झाला, खालचा अजून ओला, त्याची हालचाल चालूच. मग वरचा फुटणार नाही तर काय? चिखलावर पापड वाळत घातल्यासारखं झालं."

घरी आल्यावर आजीनं ते तडे पाहिले आणि टाळी वाजवून म्हणाली, "बघ गं! तू सोडलेल्या सुरकुत्या चित्रानं स्वतःच काढल्या. आता दिसते मी माझ्यासारखी!"

दुसऱ्या रविवारी सर आम्हा मुलांना बालगंधर्व रंगमंदिरात घेऊन गेले. १९६८ साली सुरू झालेल्या या रंगमंदिरासाठी गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं रंगवली. एकात ते पुरुषवेषात, तर दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. सर म्हणाले, "कपडे वेगळे, थाट वेगळा. तरी माणूस एकच आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं?" आम्ही बघत राहिलो. नाक, डोळे, हनुवटी... आणि मला आजीची खुर्ची आठवली. मी तीन महिने तिच्यासमोर बसले होते, पण तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मी नवा कॅनव्हास ठोकला. या वेळी पहिला थर अंबर या तपकिरी मातीच्या रंगाचा. त्यात मँगनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. टर्पेंटाइननं अगदी पातळ केलेला. तो वाळला, की पुढचा, थोडं तेल घातलेला. थर वाळेपर्यंत काम बंद. मग त्या रविवारी नुसत्या गप्पा! डाव्या भुवईवरचा व्रण पाटी लागून झालेला, हे तेव्हा कळलं. वर्गातल्या मुलीनं तिचं चित्र पुसलं म्हणून भांडण झालं होतं! तो व्रण मी चित्रात काढला. सुरकुत्याही काढल्या, एकेक करून.

सात महिने लागले. आजीनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हं. ही मी." मग हळूच विचारलं, "हे पुसायचं नाही ना?"

आता आजी नाही. दोन्ही चित्रं माझ्याकडे आहेत. चांगलं भिंतीवर आणि तडे गेलेलं कपाटामागे. ते तिनं कधी टाकू दिलं नाही.

दोस्तांनो, आज ॲक्रिलिक रंग सहज मिळतात. ते पाण्यात कालवता येतात आणि पातळ थर अर्ध्या तासात वाळतो. सुरुवातीला तेच बरे. तेलरंग घेतलेत, तर खिडक्या उघड्या ठेवा. आणि आईबाबांनो, जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवायची.

सुट्टीत जमलं तर औंधला जा. पुण्यातलं नव्हे हं, सातारा जिल्ह्यातलं! तिथं संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची तेलचित्रं बघायला मिळतात. पण त्याआधी घरातल्याच कुणाला तरी समोर खुर्चीत बसवा. कागद, पेन्सिल घ्या. आणि रंग वाळेपर्यंत ते काय सांगताहेत, तेही ऐका.